मानेची रेषा

चार्टवर डावा खांदा छान जमला होता, पण डोकं जरा जास्तच वर गेलं. मास्तरनं माऊसनं ते हलकेच खाली ओढलं. युरोचा भाव अशी उडी मारत नाही. निदान खऱ्या बाजारात तरी नाही.

मग त्यानं उजवा खांदा काढला आणि दोन्ही खांद्यांखालून एक आडवी रेघ मारली. ही मानेची रेषा. भाव हिच्या खाली घसरला की विकायचं, असं तो पूर्वी आपल्या क्लासात शिकवायचा. तेव्हा चार्ट बाजार काढायचा आणि मास्तर वाचायचा. आता काढत होता मास्तर आणि वाचत होत्या काकू.

काकू कुठल्याशा दुसऱ्या गावात एकट्याच राहत. मास्तरनं काढलेली रेघ त्यांच्या फोनवरच्या ॲपमध्ये बाजारभाव म्हणून वरखाली व्हायची. त्यांनी भरलेले पैसे मात्र कुठल्याच बाजारात जात नसत. ते वरच्या मजल्यावर दादाकडे जात.

"काय मास्तर, कुठवर आलंय?"

दादा मागे येऊन उभा होता. हातात नेहमीचा फोन, चेहऱ्यावर नेहमीचं हसू. त्यानं आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. ते काम करणारी माणसं त्यानं दाराशी ठेवली होती.

"मान मोडायला आलीय," मास्तर म्हणाला.

"कुणाची रे बाबा?" स्वतःच्याच विनोदावर दादा पोट धरून हसला. "मला तुझ्या त्या चार्टवरच्या काड्यांतलं ओ की ठो कळत नाही. मला माणसं कळतात. काकूंचे घर विकलेले पैसे आत आले की तू मोकळा. पासपोर्ट देतो, विमानतळापर्यंत गाडी देतो. मग कधी करतोस?"

"आज."

"आजच?"

"आजच."

दादानं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, खांद्यावर थाप मारली आणि तो वर गेला. दाराला बाहेरून कडी लागली.

चार्टवरचा फसवा ब्रेकआउट, म्हणजे भावाची खोटी उसळी, मास्तर लांबून ओळखायचा, पण नोकरीची जाहिरात काही त्याला ओळखता आली नाही. चलनबाजाराचा जाणकार हवा, राहण्याजेवण्याची सोय, पगार चांगला. आल्या दिवशीच पासपोर्ट दादाच्या कपाटात गेला आणि पायातल्या चपला दुसऱ्याच कुठल्या खोलीत. खिडक्यांच्या काचांना आतून रंग फासलेला होता. घरी मुलगी शाळेत जायला लागली होती. हे त्याला बायकोकडून फोनवर कळलं, तेही दादा शेजारी बसलेला असताना.

काकूंचा नंबर दादानंच आणून दिला होता. "एकटी बाई आहे. प्रेमानं घे," एवढंच म्हणाला होता.

पहिल्याच धड्यात मास्तरनं जुन्या सवयीनं लिहिलं होतं, ‘काकू, बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण चलनाचा बाजार शनिवार-रविवार बंद असतो.’

‘लक्षात ठेवते हो,’ काकूंनी कळवलं होतं.

काकू हुशार होत्या. फोनवर बोलत नसत, फक्त लिहीत. ऐकू कमी येतं म्हणायच्या. मधेच वीज जायची आणि मास्तरचा कॉम्प्युटर बंद पडायचा. परत आल्यावर तो माफी मागायचा. ‘अरे, इथंही तेच,’ काकू लिहायच्या, आणि मग रोजचा प्रश्न, ‘जेवलास का?’ या इमारतीत पाऊल टाकल्यापासून हे त्याला दुसऱ्या कुणीही विचारलं नव्हतं. कधीकधी तो त्या एका प्रश्नासाठी सकाळी उठायचा.

आणि याच बाईला त्यानं रस्त्यावर आणायचं होतं.

उघड काही लिहिणं शक्य नव्हतं. प्रत्येक निरोप वर वाचला जायचा. शेजारी बसणाऱ्या गड्यानं एकदा एका बाईला ‘पैसे भरू नका’ असं लिहिलं होतं. त्याची खुर्ची अजून रिकामी होती.

पण चार्ट कोण वाचणार होतं? सुट्टीच्या दिवशी मास्तर तो जागचा हलवत नसे. आज रविवार होता. इथं सगळे वार सारखेच, दादाच्या ते ध्यानातही येणार नव्हतं. आज भाव हलला, तर काकूंच्या लक्षात येईल की हा भाव खोटा आहे, ॲप खोटं आहे आणि मास्तरही खोटा आहे.

मग पैसे येणार नाहीत. पासपोर्टही मिळणार नाही. मुलीचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे आला आणि त्याला रडू फुटेल असं वाटलं. त्यानं माऊस घट्ट धरला, भाव मानेच्या रेषेखाली ओढला आणि चार्ट ॲपवर सोडला.

‘काकू, मान मोडली! चार्ट बघा. भाव पडण्यावर असतील नसतील ते पैसे आत्ता लावा. आजचा दिवस सोडू नका.’



‘बघतेय,’ काकूंनी लिहिलं.

मास्तरनं भाव आणखी थोडा खाली ओढला.

‘आज नको रे. आज मला जरा बरं वाटत नाही.’

कळलं त्यांना. नक्की कळलं! मास्तरनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आपण अडकलो ते अडकलोच, पण एक माणूस तरी सुटलं. कितीतरी दिवसांनी त्याची त्यालाच लाज वाटली नाही.

पडद्यावर पुन्हा अक्षरं उमटली. ‘जेवलास का?’

‘हो काकू,’ त्यानं खोटंच लिहिलं आणि डोळे पुसले.

बाहेरची कडी निघाली. दादा आत आला. दाराजवळची दोन माणसंही त्याच्यामागून आली आणि रिकाम्या खुर्चीपाशी उभी राहिली. दादा रागावलेला दिसत नव्हता. मान खाली घालून तो फोनवर काहीतरी लिहीत होता.

"बस बस, उठू नकोस," तो म्हणाला.

त्याचा अंगठा थांबला, आणि मास्तरच्या पडद्यावर काकूंचा निरोप आला, ‘रविवारी बाजार बंद असतो ना रे?’