न उघडलेला रस्ता

घरामागचा नवा रस्ता अजून वाहतुकीला खुला झाला नव्हता. झाल्यावर घरात किती आवाज येईल, याचा अंदाज बांधायला आवाज मोजणारा तंत्रज्ञ भरदुपारी त्या घरी आला.

"सासूबाईंचं मनावर घेऊ नका," सून दारातच म्हणाली. "त्यांना आत्तापासूनच गाड्या ऐकू येतात."

त्याने खिडकीत यंत्र ठेवलं. खाली कोरा डांबरी रस्ता सुनसान पडला होता. तरी यंत्र अडुसष्ट डेसिबल दाखवत होतं. त्याने दुसरं यंत्र लावलं. तेही अडुसष्टच.

"ट्रक आला," खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या. आकडा चढला, मग हळूहळू उतरला. त्याला मात्र काहीच ऐकू आलं नव्हतं.

सासूबाईंनी त्याचं मनगट धरलं. "तुम्ही तरी हिला सांगा हो. नातीला तिथं खेळायला सोडू नकोस म्हणावं."

"अहो, रस्ता दोन्हीकडून बंद आहे," सून वैतागून म्हणाली.

त्याने खिडकीतून वाकून पाहिलं. रस्त्याच्या मधोमध बसून नात खडूने चित्र काढत होती.

"ब्रेक!" सासूबाई ओरडल्या. आकडा नव्वदच्या पार गेला.

खाली नातीने दचकून मान वर केली आणि दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरले.