डोहातली मुशी

"डोळे बारीक होते," शिवदास म्हणाला. "अंगाच्या मानानं फारच बारीक. आणि पाठीवरचा मागचा पर पुढच्याच्या निम्मा."

उत्तरा भराभर लिहून घेत होती. भांडुपच्या मासळी बाजारात तिने जे पत्रक लावलं होतं, त्यात हेच दोन मुद्दे याच क्रमाने छापलेले होते. पत्रक इतकं नीट वाचणारा कोळी तिला पहिल्यांदाच भेटत होता.

नदीतली मुशी. समुद्रातल्या मुशीची, म्हणजे शार्कची, ही बहीण नदीच्या तोंडाशी, गढूळ पाण्यात राहते. तिच्यावर आयुष्यभर अभ्यास करणाऱ्यांनाही ती जिवंत दिसत नाही. उत्तराची नऊ वर्षं तिच्यामागे गेली होती. मार्चअखेर प्रकल्प बंद होणार होता, आणि हातात जुन्या जबड्यांच्या फोटोंपलीकडे काही नव्हतं.

"कुठे दिसली, काका?"

"विक्रोळीच्या कांदळवनापलीकडं. डोह आहे तिथं. भर ओहोटीलाही पाणी आटत नाय." मग जरा थांबून त्याने विचारलं, "तुमच्याकडं ते मशीन आहे ना, पाण्याखालचं दाखवणारं? पत्रकात लिवलंय."

"सोनार. आहे ना."

"तुमच्या सोनाराला तळ दिसतो काय? पार तळ?"

उत्तरा हसली. "सगळं दिसतं, काका."

डिसेंबरपासून दर रविवारी ते खाडीत जाऊ लागले. होडी शिवदासची, मशीन उत्तराचं आणि ते चालवायला तिचा सहकारी हर्षद. शिवदास सत्तरीचा होता, पण सुकाणूवर त्याचा हात हलत नसे. खाडीचे त्याने पट्टे पाडले होते. एक पट्टा झाला की शेजारचा, शेत नांगरावं तसं. उत्तराने कधी सुचवलं, की भरतीबरोबर जरा वर नाहूरच्या बाजूला जाऊन बघू, तर तो मान हलवायचा.

"तिकडं नाय. वाहत गेलं तरी इथंच यायचं."

"मासा वाहत जात नाही, काका. पोहतो."

त्याने सुकाणू पुढच्या पट्ट्याकडे वळवलं.

परतल्यावर धक्क्यावर त्याची सून रेवती उभी असायची. हातात चहाची किटली. होडी लागायच्या आत ती सासऱ्याच्या तोंडाकडे बघायची. शिवदास नकारार्थी मान हलवायचा. मग ती मुकाट्याने कप भरायची. उत्तराला या बाईचं नवल वाटे. आपल्या संस्थेत चार माणसांना या माशाची फिकीर नाही, आणि इथे एक बाई दर रविवारी उन्हात ताटकळत उभी राहते.

"तुमचा मुलगा दिसला नाही कधी," एकदा चहा घेताना उत्तरा म्हणाली.

"तो खाडीतच असतो," शिवदास म्हणाला.

रेवती किटली उचलून घरात गेली.

फेब्रुवारीत हर्षदचा धीर सुटला. "मॅडम, हा म्हातारा आपल्याला फिरवतोय. दहा रविवार झाले. मी त्याला पाच माशांचे फोटो दाखवले, यातली कुठली ते सांगा म्हटलं. त्याने घोळ माशावर बोट ठेवलं. कोळी माणूस घोळ ओळखत नाही?"

"नजर कमी झाली असेल रे."

"नजर? तो इथून पलीकडच्या काठावरचे बगळे मोजतो."

उत्तराला विश्वास ठेवायचा होता. दुसरं काही उरलंच नव्हतं तिच्याकडे.

अकराव्या रविवारी ती शिवदासला म्हणाली, "काका, आजचा शेवटचा. पुढच्या आठवड्यात मशीन परत द्यायचंय."

त्याने तिच्याकडे बघितलं. मग होडी डोहाच्या पूर्वेच्या कडेला नेली, कांदळवनाच्या मुळांना जवळजवळ घासून. इतक्या जवळ तो आजवर गेला नव्हता. इंजिनाचा आवाज त्याने अगदी बारीक केला.

तासाभराने हर्षद ताठ बसला. "मॅडम."

पडद्यावर तळाशी एक लांब काळी आकृती होती. एका टोकाला निमुळती. उत्तरा पडद्यावर वाकली. आकृती हलत नव्हती.

"परत एकदा वरून न्या, काका. सावकाश."

दुसऱ्या फेरीत चित्र स्पष्ट झालं. हर्षदने सुस्कारा सोडला. "होडी आहे. बुडालेली. जाळंही अडकलेलं दिसतंय."

उत्तरा मागे टेकली. नऊ वर्षं, आणि शेवटी एक मोडकी होडी. "चला, पुढे घ्या," ती म्हणाली.

होडी पुढे गेली नाही. शिवदासने इंजिन बंद केलं होतं.

"लांबी किती?" त्याने विचारलं.

"बावीस फूट असेल," हर्षद म्हणाला.

"आत आडव्या फळ्या किती? नीट मोज."

हर्षदने पडदा जवळ ओढला. "चार... नाही, पाच."

शिवदासने डोक्यावरची टोपी काढली आणि पाण्याकडे बघून हात जोडले. होडी आपसूक हळूहळू फिरत राहिली. तो उत्तराकडे वळला.

"मला माफ कर, बाय. ती मुशी मी कधी बघितलीच नाय."

मग खिशातून फोन काढून त्याने नंबर लावला.

"रेवती," तो म्हणाला, "धक्क्यावर चार माणसं बोलाव. तुझ्या नवऱ्याला घरी आणायचंय."