मीडियम

अंगात गेलेला शर्ट आता निघत नव्हता. ट्रायल रूमच्या आरशासमोर विष्णू परब घामाघूम उभा होता. काळा, रबरासारखा ताणणारा कॉम्प्रेशन शर्ट छातीपर्यंत गुंडाळला जाऊन तिथंच रुतून बसला होता.

"अहो, झालं का?" बाहेरून उर्मिलाचा, त्याच्या बायकोचा आवाज आला.

"थांब जरा."

"लोक खोळंबलेत इथं."

आखातातल्या अल नहदा भागातल्या त्या दुकानात २००४च्या ईदचा सेल लागला होता. विष्णूनं नेहमीसारखा लार्ज मागितला, तर सेल्समन नूरुद्दीननं मीडियम हातात ठेवला. "ये टाइट ही पहनते हैं, सर. मसल को पकड़के रखता है." तेवढं ऐकून विष्णू लगेच आत शिरला होता.

त्यानं पुन्हा एकदा शर्ट वर ओढून पाहिला. मग कडी काढली.

"अगं, आत ये."

"मी? पुरुषांच्या ट्रायल रूममध्ये?"

"ये म्हणतो ना!"

नूरुद्दीननं रांगेतल्या लोकांना मागं सरकवलं. उर्मिला आत आली आणि नवऱ्याचा अवतार बघून तिला हसूच फुटलं.

"करा हात वर."

विष्णूनं उजवा हात वर केला.

"दोन्ही करा."

"करतोय."

डावा हात छातीपाशी येऊन थांबला. तो मस्करी करतोय असं वाटून तिनं शर्ट धरला आणि जोरात ओढला. विष्णू ओरडला. बाहेरची बडबड एकदम थांबली.

उर्मिलानं शर्ट सोडला. "कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

"आणि मला आज कळतंय!"

"सांगून काय झालं असतं? चला गावाला म्हणाली असतीस."

"म्हणाले असते. कंपनीत ठाऊक आहे?"

"वेडी आहेस का? काच उचलता येत नाही म्हटल्यावर ठेवतील मला?"

मोठमोठ्या इमारतींना काचा बसवणं हेच त्याचं काम होतं. तो आवाज खाली आणून म्हणाला, "बिल्डिंगमधल्या जिमला जाऊन हात मोकळा करीन म्हटलं. हा शर्ट खांदा धरून ठेवतो म्हणे."

"कोण म्हणे?"

दाराबाहेरून नूरुद्दीन चाचरत बोलला, "सॉरी सर, खांदे के दर्द के लिए नहीं है ये. एक्सरसाइज में पसीना जल्दी सूखता है, बस. दर्द है तो डॉक्टर को दिखाइए."

"तो फिर टाइट काहे को बनाते हो?" विष्णू एवढ्या मोठ्यानं खेकसला, की पलीकडच्या खोलीतला माणूस घाईघाईनं बाहेर पडला.

उर्मिलानं दार किलकिलं करून कात्री मागितली.

"कापू नकोस, नवा आहे," विष्णू म्हणाला.

तिनं ऐकलं नाही. छातीवर गुंडाळलेल्या काठापासून काखेपर्यंत तिनं शर्ट सरळ कापत नेला. कापड चटकन आखडलं आणि विष्णूनं कितीतरी वेळानं छाती भरून श्वास घेतला. त्याच्या छातीवर लाल वळ उठले होते. उर्मिलानं त्याला त्याचा शर्ट चढवला. बटणं लावताना घाईत एक चुकलं आणि सगळी पुन्हा लावावी लागली.

काउंटरवर तिनं कापलेल्या शर्टाचे पैसे दिले. विष्णू शेजारी मान खाली घालून उभा होता. नूरुद्दीन पिशवी पुढं करणार, तेवढ्यात विष्णू म्हणाला,

"इसमें लार्ज है क्या?"

नूरुद्दीननं उर्मिलाकडं पाहिलं.

"डावा हात वर करून दाखवा," ती नवऱ्याला म्हणाली. "मग हवे तेवढे घेऊ."

विष्णूनं उजवा वर केला.