माणशी सात किलो
"विमानात माणशी फक्त सात किलो चालतात, आई. नियमच आहे," कौशिक बंगळूरहून सांगायचा. म्हणून झाशीचं घर कायमचं सोडून त्याच्याकडे निघताना अंबिकाबाईंनी सासूबाईंचं पितळी पुरणयंत्र शेजारणीला देऊन टाकलं. "अम्मा, जौ का आय?" म्हणजे 'हे काय?' असं विचारत तिने ते गच्चीत पापडांच्या चादरीवर वजन म्हणून ठेवलं. ग्वाल्हेरच्या विमानतळावर काउंटरवाल्याने पिशवी तोलली. "माताजी, यह तो हाथ का सामान हुआ. बड़ा सामान कहाँ है? पंद्रह किलो टिकट में शामिल है." अंबिकाबाईंनी न्यायला आलेल्या मुलाकडे पाहिलं. मुलगा छताची पाहणी करू लागला. "तुला ठाऊक होतं?" "आई, तिकडे सगळं तयार मिळतं. फ्लॅटमध्ये जागा कुठाय?" "मग आईसुद्धा तिकडेच तयार मिळेल," म्हणत त्यांनी पिशवी काट्यावरून उचलली आणि काउंटरवाल्याला विचारलं, "भैया, झाँसी की बस कहाँ से मिलेगी?"