बाजूची सीट

"हिचा क्लच जड लागतोय," वसुधा म्हणाली. खरं तर क्लच लोण्यासारखा मऊ होता. जुन्या गाड्यांच्या त्या आवारात तिने नाकारलेली ही चौथी गाडी. एकीला वास, दुसरीला गंज, तिसरीचा म्हणे रंगच डोळ्यांत खुपत होता.

"अगं, एवढ्या पैशांत जुन्या गाडीत थोडंफार असायचंच!" नवरा वैतागला. "तुझं ऑफिस पाचला सुटतं, माझं सातला. रोज माझ्यासाठी ताटकळत बसतेस. तुझ्यासाठीच चाललंय ना हे सगळं?"

तिला सांगता आलं नाही, की घरी पोचल्यावर तो टीव्हीचा होतो, नाहीतर फोनचा. तिच्या वाट्याला येतो तो फक्त गाडीतला. नाक्यावरच्या सिग्नलला थांबलं, की न बोलता त्याचा डावा हात पुढे येतो. ती त्यावर डबीतली बडीशेप ठेवते. मग ती चघळत तो कुठलं कुठलं बोलायला लागतो.

शेवटी त्यानेच एक पांढरी गाडी ठरवून टाकली. नारळ फुटला, चाकांखाली लिंबं चिरडली.

सोमवारी सकाळी दोघं आपापल्या गाडीतून निघाले. नाक्यावर तिची गाडी नेमकी त्याच्या डावीकडे थांबली. तिने सहज काचेतून पाहिलं. त्याचा उघडा तळवा रिकाम्या सीटकडे आला, क्षणभर तसाच राहिला आणि हळूच गिअरवर गेला.

डबी तिच्या पर्समध्ये होती. ती काढून तिने काच खाली केली, तोवर सिग्नल सुटला होता.