दुर्गीचा शेवट

कराडच्या वाचक मंडळाची चर्चा या महिन्यातही पाच मिनिटांत आटोपली. सगळ्यांनी वाचायची कादंबरी एकच होती, पण पेंढारकरांच्या प्रतीत नायिका दुर्गी शेवटी डॉक्टर झाली होती, सुलभाताईंच्या प्रतीत तिचं लग्न लागलं होतं, आणि इनामदारांच्या प्रतीत तर ती आमदार होती. न आवडलेल्या ओळीवर अंगठा दाबला की ती बदलते, अशी पुस्तकं आल्यापासून दर महिन्याला हेच चाललं होतं.

"म्हणजे तिघांनी तीन पुस्तकं वाचली," मंडळ चालवणाऱ्या नलिनी खासनीस वैतागून म्हणाल्या. "मग इथे काय नुसता चहा प्यायला येता?"

त्यांनी पिशवीतून त्याच कादंबरीची जुनी कागदी प्रत काढली आणि शेवटचं पान मोठ्याने वाचलं. त्यात दुर्गी मेली होती, आणि तिला खांदा द्यायला गावातलं कुणीही आलं नव्हतं.

पेंढारकरांनी प्रत ओढून घेतली आणि त्या ओळीवर अंगठा दाबून धरला.

"हे बदलत का नाही?"

"नाहीच बदलणार, कितीही दाबा," नलिनीबाई म्हणाल्या. "आता सांगा, कुणी का नाही आलं?"