भाईदासनानांचा थेंब

भाईदासनानांनी खोलीचं दार आतून लावून घेतलं होतं.

“नाना, एकच थेंब लागस,” गावची आशा कार्यकर्ती शीला बाहेरून म्हणाली. “दोन दिवसना ताप शे. मलेरिया ऱ्हायना तं?”

“सुई टोचू देवाव नही. जाय तू.”

रनाळे गावात पंधरवड्यात तिघं तापाने आडवे झाले होते. शीलाला अजून बावीस घरं फिरायची होती, पण तिचा पाय निघेना. दोन वर्षांपूर्वी तिचे सासरे असाच ताप अंगावर काढून गेले होते, तपासणीवाचून.

नानांची बायको बेबीबाई चुलीपुढून उठून आली. पदर अंगाभोवती घट्ट लपेटलेला.

“मन्हाकडे दे,” ती म्हणाली. “मी थेंब लई येस.”

काचपट्टी आणि सुई घेऊन ती गेली. तिच्यासाठी दार किलकिलं झालं. आत थोडी कुरकुर झाली. थोड्या वेळाने ती काचेवर लाल थेंब घेऊन बाहेर आली. शीलाने तो लगेच पसरवला, वर नाव लिहिलं: भाईदास, वय बासष्ट.

दुसऱ्या दिवशी दुपारी आरोग्य केंद्रातून फोन आला. मलेरियाच, आणि तोही मेंदूत चढणारा.

शीला तशीच गोळ्या घेऊन धावली. गोळ्यांना नानांची ना नव्हती. तीन दिवस तिने स्वतः समोर बसून त्यांना गोळ्या गिळायला लावल्या. बेबीबाई भिंतीला टेकून पाण्याचा तांब्या पुढे करायची. तिसऱ्या दिवशी नानांनी दोन भाकरी खाल्ल्या. शीलाला त्या रात्री गाढ झोप लागली.

चौथ्या दिवशी ती सहज डोकावली. नाना वावरात गेले होते. बेबीबाई गोधडीत कुडकुडत पडली होती. कपाळ तव्यासारखं तापलेलं.

“काकू! कितला दिवस व्हयनात?”

“त्यासना आधीपासून शे.”

“मंग सांगं काब्र नही?”

“इचारं कोन?”

शीलाने घाईने पिशवीतून नवी काचपट्टी आणि सुई काढली, तिचा हात हातात घेतला. बेबीबाईने तो हळूच सोडवून घेतला.

“परत कशाले टोचस, माय? त्यासनी तव्हय बोट दिधंच नही. तू तपासं ते रगत मन्हंच व्हतं.”